सवलतीचे गुण

मुलींची टीम बाहेरगावी जायची असेल तर सोबत एक मॅडम पाहिजेत. त्या वर्षी फुलंब्रीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बाकीच्या मॅडमांना काही ना काही अडचण होती. कुणाचं मूल लहान, कुणाच्या घरी आजारपण. उरले मी. उर्दू आणि मराठी शिकवणारी, शाळेत असताना लंगडीच्या पुढे कधी न गेलेली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त सोबत बसायचं. बाकी सर बघतील."

म्हणून मी बसले. शहरातल्या बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी, लाकडी बाकावर, एका बाजूला प्रथमोपचाराची पेटी आणि मांडीवर अकरावीच्या तपासायच्या वह्या. डीएसओच्या स्पर्धा होत्या. आमच्या मुलींनी सलवारवर जर्सी घातलेल्या, दोघींच्या डोक्यावर घट्ट बांधलेले स्कार्फ. समोरची टीम शहरातली. सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत मी वह्या बाजूला ठेवल्या. आमच्या मुलीच्या हातात चेंडू आला की शिट्टी. पुन्हा आला की पुन्हा शिट्टी.

मी पीटीच्या सरांना विचारलं, "काय झालं?"

"ट्रॅव्हलिंग, मॅडम."

"म्हणजे?"

"चेंडूचा टप्पा न मारता पावलं टाकली."

"मग हे यांना सांगितलं नव्हतं का?"

सर माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात राग नव्हता, थकवा होता. "आठ दिवसांत काय काय सांगू, मॅडम?"

त्यांचं खरंच होतं. कबड्डी, खो-खो, धावणं, गोळाफेक, सगळं एकट्या माणसाकडे. त्यात परीक्षेची कामं, निवडणुकीची कामं. स्पर्धेचं पत्र आलं की आठवड्याभरात टीम उभी करायची. उंच कोण, पळतं कोण, घरून परवानगी कुणाला, या तीन प्रश्नांत टीम तयार. आम्ही तो सामना ४१ विरुद्ध ४ असा हरलो. ते चारही गुण एकाच मुलीने केले. तिला या लेखात मी सात नंबर म्हणणार आहे. जर्सीवर तोच आकडा होता, आणि तिचं नाव तिचं आहे.

परतीच्या बसमध्ये बाकीच्या मुली गाणी म्हणत होत्या. सात नंबर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, तो पाय नेमका कसा ठेवायचा असतो?"

शिक्षकाला विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि उत्तर येऊ नये, हे नवं नाही. पण मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाराखडी न शिकवता आम्ही या मुलींना श्रुतलेखनाला बसवलं होतं, आणि चुका झाल्या की लाल शाईने गोल करायला एक माणूस शिट्टी घेऊन उभा केला होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडून तो पाय शिकून घेतला. चेंडू धरून थांबल्यावर एक पाय जमिनीत रोवायचा आणि दुसऱ्याने फिरायचं. कंपासपेटीतल्या कंपाससारखं. एक टोक हललं की वर्तुळ बिघडलं. साडी खोचून मी हे स्टाफरूममध्ये करून बघत होते, तेव्हा दोघी मॅडम दारातून तशाच परत गेल्या.

आमच्याकडे कोर्ट होतं. म्हणजे सिमेंटचा एक चौथरा होता, मध्ये मोठी भेग, एका बाजूची रिंग वाकलेली, जाळी नाही. दिवाळीच्या सुमाराला त्यावर शेजारचे लोक मका वाळत घालत. मी मका हलवायला सांगितला आणि वाचायला बसले.

बास्केटबॉलचा इतिहास मला आवडला, कारण त्याची सुरुवातच एका वैतागलेल्या शिक्षकापासून होते. डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ शारीरिक शिक्षण शिकवायचे. हिवाळ्यात बाहेर बर्फ, वर्गातली मुलं कवायतीला कंटाळलेली. त्यांच्यासाठी आत खेळता येईल असा खेळ शोधायला त्यांना दोन आठवडे दिले होते. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. तो कठडा दहा फूट उंच होता म्हणून आजही रिंग दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. पुढे नाइस्मिथ कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाले. तिथली त्यांची नोंद ५५ विजय आणि ६० पराभव अशी आहे. ज्याने खेळ शोधला तोच जिंकण्यापेक्षा जास्त हरला. ४१ विरुद्ध ४ नंतर मला हे वाचून फार बरं वाटलं.

पण मला खरा धक्का दिला तो जॉन वुडन यांनी. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला हा सगळ्यात मोठा प्रशिक्षक. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या टीमने त्यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ते तिथे आले १९४८ साली. म्हणजे पहिलं विजेतेपद यायला सोळावा हंगाम उजाडला. आपल्याकडे सोळा वर्षं कुणी थांबलं असतं का? आणि त्याआधी हे गृहस्थ शाळेत इंग्रजी शिकवत होते. भाषेचे शिक्षक! मी खुर्ची पुढे ओढली.

वुडन नव्या खेळाडूंचा पहिला दिवस चेंडूपासून सुरू करायचे नाहीत. आधी मोजे घालायला शिकवायचे. मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. देशभरातून निवडून आलेली साडेसहा-सात फुटांची पोरं बाकावर बसून मोजे सारखे करताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आमच्या मुली भावाचे कॅनव्हासचे बूट घालून यायच्या, पुढे कागदाचा बोळा कोंबून. आमचा पहिला धडा बुटांच्या नाड्यांचा झाला.

वुडन यांच्या शेवटच्या हंगामात, १९७४-७५ मध्ये, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले. पंधरा सरावांत हा माणूस काय काय बोलतो-करतो, याच्या २,३२६ नोंदी त्यांनी केल्या. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के नोंदी निव्वळ माहितीच्या निघाल्या. काय करायचं, कसं करायचं, कोपर कुठे, नजर कुठे. शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास, नुसती बोलणी तेवढीच. मोठी भाषणं नाहीत. चूक दिसली की थोडक्यात सांगायचं: असं कर, तू केलंस ते असं, करायचं ते असं. की पुन्हा खेळ सुरू.

हे वाचून मी माझ्या वर्गातल्या बोलण्याचा हिशोब मांडायला गेले आणि अर्ध्यात सोडून दिला. "लक्ष कुठे आहे?", "किती वेळा सांगू?", "छान, बसा." माहिती कितीशी होती त्यात?

आणि हे सगळं मला बी.एड.ला शिकवलेलं होतं. सूक्ष्म अध्यापनाचं ते छत्तीस मिनिटांचं चक्र. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा अभिप्राय. आम्ही ते जर्नल भरण्यापुरतं केलं आणि नोकरी लागल्यावर विसरलो. वुडन रोज ते मैदानावर करत होते. दोन तासांच्या सरावासाठी जवळपास तेवढाच वेळ आधी नियोजनाला द्यायचे आणि मिनिटांसकट कार्डावर लिहून आणायचे.

दोन भाषा शिकवणाऱ्या बाईला याचं खरं तर नवल वाटायला नको होतं. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत वस्ताद कुस्ती शिकवतो, उर्दूत उस्ताद काहीही शिकवतो. अरबीत रियाज़ा म्हणजे खेळ, उर्दूत रियाज़ी म्हणजे गणित, मराठीत रियाज म्हणजे गाण्याचा सराव. मूळ एकच, साधणं, वळण लावणं. आपल्या बोलण्यात शिकवणं आणि घडवणं अजून शेजारी राहतात. शाळेच्या वेळापत्रकातच ते वेगळे झाले.

पुढच्या वर्षी जुलैपासून आम्ही सकाळी सात वाजता सुरुवात केली. सर आणि मी, दोघं. सर खेळ जाणत होते, मी कार्डं लिहीत होते. पाऊस असला की वऱ्हांड्यात नुसते पास. छातीपासून पास, टप्प्याचा पास, डाव्या हाताने टप्पे. मुली हव्या होत्या, आणि सगळ्यांत आधी सात नंबर हवी होती. ती आता बारावीत गेली होती आणि घरचे नाही म्हणत होते.

मी तिच्या घरी गेले. अब्बांचं वेल्डिंगचं छोटं दुकान. अम्मीने चहा आणला. अब्बांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, सब ठीक है, मगर इससे होता क्या?"

हा प्रश्न सरळ होता. याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांबलचक होतं आणि मला मुलगी लगेच हवी होती. मी म्हणाले, "बारावीला सवलतीचे गुण मिळतात."

हे खोटं नव्हतं. बोर्ड खेळाडूंना सवलतीचे गुण देतं. पण त्यासाठी स्पर्धेत ठरावीक पातळी गाठावी लागते. हे पुढचं वाक्य मी चहाबरोबर गिळलं.

अब्बांचा दुसरा प्रश्न कपड्यांचा आणि बघणाऱ्यांचा होता. त्याचं उत्तर मात्र मी तयारीने दिलं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट, स्कार्फ. शिवाय त्यांना सांगितलं, की मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचा पहिला सामना २२ मार्च १८९३ रोजी अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात झाला, सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने तो घडवून आणला, आणि तिथे पुरुषांना आत येऊच दिलं नव्हतं. अब्बा पहिल्यांदा हसले. "मतलब, गोरे भी हमारे जैसेच थे."

स्कार्फचा प्रश्न तेव्हा जगभर पेटलेला होता. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढायला सांगितलं म्हणून त्यांनी सामना सोडला आणि त्या स्पर्धेबाहेर गेल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिबाने, नियम बदलला तो २०१७ साली, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून. आमच्या तालुक्यात कुणी कधी अडवलं नाही. एका पंचांनी तेवढी सेफ्टी पिन काढायला लावली, ती योग्यच होती. सात नंबरने स्कार्फचं टोक मागे गाठ मारून खोचलं आणि पळाली.

त्या वर्षी आमच्या मुली ट्रॅव्हलिंगने बाद झाल्या नाहीत, असं मी अभिमानाने सांगू शकते. पहिला सामना जिंकलो. दुसरा पाच गुणांनी हरलो. सात नंबरने त्या सामन्यात डाव्या हाताने ले-अप केला. जुलैमध्ये तिला त्या हाताने चार टप्पेसुद्धा जमत नव्हते. परतीच्या बसमध्ये या वेळी मीही गात होते.

निकाल लागला. सवलतीचे गुण अर्थातच नव्हते. आम्ही तेवढं पुढे गेलोच नव्हतो. अब्बा स्वतः कॉलेजात आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, आपने नंबर बोले थे."

मी नियम समजावून सांगितला, जो एक वर्ष आधी सांगायला हवा होता. त्यांनी मान हलवली. "ठीक है. अल्लाह की मर्ज़ी." आणि गेले. सात नंबरला शहरातल्या कॉलेजात बी.ए.ला प्रवेश घ्यायचा होता, तिथे मुलींची टीम होती, पुढे आंतरमहाविद्यालयीन सामने होते. ते झालं नाही. तिने बाहेरून फॉर्म भरला. दीड वर्षाने लग्नाची पत्रिका आली, सिल्लोडकडचं स्थळ.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. गुण मिळाले असते तरी कदाचित हेच झालं असतं. असेलही. पण मी खेळाला एक भाव लावला होता. तो भाव आला नाही, तेव्हा अब्बांनी माल परत घेतला. व्यवहार मीच शिकवला होता, त्यांनी तो पाळला.

त्यानंतर एका लग्नासाठी मी मुंबईला गेले. मामा मदनपुऱ्यात राहतात, तिथून नागपाडा चालत जाता येतं. नागपाड्याचं बास्केटबॉल मी ऐकून होते. मस्तान वायएमसीए, नागपाडा नेबरहुड हाऊस, ही नावं भारतीय बास्केटबॉलमध्ये मोठी आहेत. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७० सालचे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर इथलेच. इथल्या मुलांना शिकवणाऱ्या बच्चू खान यांचं नाव आज एका मैदानाला आहे. दाट वस्ती, माणसाला पाय ठेवायला जागा नाही, आणि मध्ये कोर्ट.

संध्याकाळी मी अर्धा तास कडेला उभी राहिले. मोठी मुलं खेळत होती. रेषेबाहेर आठ-नऊ वर्षांची पोरं दोन हातांत दोन चेंडू घेऊन टप्पे मारत होती, आणि एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्यातल्या एकाचं कोपर धरून वळवत होता. बोलत फार नव्हता. कोपर धरायचा, सोडायचा, "फिर से." बाजूच्या दुकानातला दाढीवाला म्हातारा काउंटरवरूनच ओरडला, "अरे, नज़र ऊपर!" तिथे खेळाडू निवडला जात नव्हता, तो वाढत होता. लहानाला मोठा शिकवत होता, मोठ्याला मोहल्ला बघत होता. आम्ही याला तरबियत म्हणतो. रेल्वेने आणि सरकारी खात्यांनी आपल्या देशात खेळाडूंना वर्षानुवर्षं नोकऱ्या दिल्या, हे खरं आहे, आणि गरीब घराला नोकरी लहान गोष्ट नाही. पण नोकरी झाडाला लागते. मी रोपालाच फळ बांधून नेलं होतं.

परत आल्यावर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एक, निवड बंद. जी येईल ती कोर्टावर, उंची मोजायची नाही. दोन, बारावीच्या मुलीने अकरावीच्या मुलीला शिकवायचं, मी आणि सर तिसऱ्या जागी. तीन, प्रत्येकीचं एक कार्ड. त्यावर गुण नाहीत, फक्त काय जमलं ते तारखेसह. "उजव्या पायावर फिरते." "पास देण्याआधी बघते." "हरल्यावर रडली, दुसऱ्या दिवशी आली." दर महिन्याच्या एका शनिवारी आयांना बोलावतो. त्या येतात, सावलीत बसतात. अब्बा लोक आधी कंपाउंडच्या बाहेर मोटारसायकलवर बसून राहायचे. आता दोघं-तिघं आत येतात.

करीम अब्दुल-जब्बार यूसीएलएला वुडन यांचे विद्यार्थी होते, तेव्हा त्यांचं नाव ल्यू अल्सिंडर होतं. तीन वर्षं खेळले, तिन्ही वर्षं विजेतेपद. १९६८ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला. वुडन श्रद्धाळू ख्रिस्ती, खेड्यातून आलेले. दोघांचं जग वेगळं. तरी जवळपास पन्नास वर्षं त्यांचं नातं टिकलं, आणि वुडन गेल्यावर करीम यांनी २०१७ मध्ये आपल्या गुरूवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. जिंकलेल्या कपांवर पन्नास वर्षांचं नातं उभं राहत नाही. ज्याने आपलं कोपर धरून सरळ केलं, त्याच्याशी ते राहतं.

तीन वर्षांनी सात नंबरची धाकटी बहीण अकरावीला आली. तिला घेऊन अब्बाच आले. मी घाबरलेच. त्यांनी माझ्या टेबलावरची कार्डं उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "इस बार भी नंबर नहीं मिलेंगे ना?"

"नाही मिळणार," मी म्हणाले. "मिळाले तर वरकमाई."

"फिर?"

मग मी ते लांबलचक उत्तर दिलं, जे पहिल्या खेपेला द्यायला हवं होतं. की ही मुलगी सकाळी सातला वेळेवर यायला शिकेल. चूक झाली की तोंड न लपवता पुन्हा करायला शिकेल. दहा जणींत आपली जागा ओळखेल. तिचा डावा हात उजव्याइतका चालायला लागेल, आणि ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. बाकी मी काही देऊ शकत नाही.

अब्बा बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, "बड़ी अब भी मोबाईल पे मैच देखती है. बच्चा गोद में लेके."

त्यांनी धाकटीला सोडलं. मोठीचे ते दिवस मात्र मी परत आणू शकत नाही, आणि त्यासाठी कुठल्याही बोर्डाकडे सवलतीचे गुण नाहीत.

आमची टीम अजून राज्यपातळीवर गेलेली नाही. रिंग सरळ झाली, जाळी लागली, भेग तशीच आहे. दरवर्षी जूनमध्ये मी घरोघर जाते आणि जे वाक्य तेव्हा गिळलं होतं ते आता सगळ्यांत आधी सांगते, की गुण मिळतीलच असं नाही. काही घरांत तिथेच बोलणं संपतं. काही घरांत चहा येतो. यंदा अकरा मुली आल्या आहेत.